रेडिएटर गळत असताना चौसाळ्याहून बीड गाठलं, त्याची कृती

मे महिना, चौसाळ्याच्या अलीकडे इंजिनच्या तापमानाचा काटा लालकडे सरकला. एसी बंद, इंजिनची उष्णता खेचून घ्यायला हीटर फुल, गाडी कडेला. बॉनेट उघडलं, रेडिएटरच्या झाकणाला मात्र हात लावला नाही. आतलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, दाबाखाली शंभराच्या वर तापलेलं असतं, झाकण सैल होताच ते तोंडावर येतं. पाऊण तास थांबलो. चावी काढलेली असली तरी काही गाड्यांत पंखा आपोआप फिरतो, त्यामुळे बोटं लांबच.

गळती शोधायला कूलंटच्या वाळलेल्या हिरव्या डागाचा माग काढला. रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिकच्या टाकीला, होज पाईपच्या तोंडाजवळ, केसाएवढी चीर होती. पाणी चिरेच्या खाली उतरलेलं होतं, नाहीतर थोडं काढावं लागलं असतं, कारण ओल्यावर काहीच चिकटत नाही. फडक्याने कोरडं केलं, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चिरेच्या भोवती बोटभर रुंद खरवडलं आणि थिनरने पुसलं. एम-सीलचे (दोन भाग मळून लावायची, नंतर घट्ट होणारी लुगदी) दोन्ही भाग सारखे घेऊन, रंगाच्या रेघा जाईपर्यंत मळले, चिरेत दाबले आणि कडा पातळ केल्या. दीड तास हात लावला नाही. खरवडणं टाळलं की लेप पापडासारखा निघून येतो, बहुतेकांची चूक इथंच होते.

पण लेपापेक्षा महत्त्वाचा दाब. झाकण पूर्ण आवळलं तर आत साधारण एक बारचा दाब तयार होतो आणि ताजा लेप उडतो. म्हणून झाकण पहिल्या खाचेवरच, म्हणजे अर्धवट फिरवून ठेवलं. त्याची किंमत अशी की दाब नसल्याने पाणी शंभरालाच उकळतं. म्हणून गाडी ५०च्या वर नेली नाही, दर दहा किलोमीटरला थांबून काटा पाहिला आणि गार झाल्यावर जारचं पाणी ओतलं. बोअरचं पाणी आपल्याकडे क्षारांचं, अडलंच तर चालतं, पण नळ्यांत खर धरतं. मांजरसुंब्याचा घाट उतरताना इंजिनावर जोर नव्हता, तेवढा दिलासा.

होज पाईप क्लिपजवळ फाटला असता तर काम सोपं होतं: फाटका तुकडा कापायचा, उरलेला पाईप पुढे ओढून क्लिप आवळायची. मधेच फाटला तर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची, दोन्ही टोकांना क्लिप. दगड लागून रेडिएटरच्या जाळीतली एखादी नळी फुटली तर ती कापून दोन्ही टोकं पक्कडीने दुमडून चेपतात.

हळदीचा सल्ला वाटेत दोघांनी दिला. बारीक छिद्र ती खरंच बुजवते, पण हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते. मी टाकली नाही.

सांडलेलं कूलंट मातीने झाकलं. ते गोड लागतं आणि विषारी असतं, शेळ्या चाटतात.

बीडला टाकी बदलली, सिस्टीम धुतली, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं. हवा निघेपर्यंत झाकण उघडं ठेवून, हीटर गरमवर लावून इंजिन चालू ठेवलं. बुडबुडे थांबले, पातळी खाली गेली, पुन्हा भरून मग झाकण आवळलं.