थकलेला आवाज

फोनवर माझं नुसतं 'हॅलो' ऐकलं की आई विचारते, "आवाज का असा येतोय? बरं नाही का?" मी फक्त झोपेतून उठलेला असतो. पण तिनं एकदा निदान केलं, की सुंठ-गूळ घेतो असं कबूल करेपर्यंत सुटका नाही.

ऑपेरा गायिका मारिया कॅलासचे काही समीक्षक आईच्याच पंथातले. त्यांचं निदान मात्र दुसऱ्या दिवशी पेपरात छापून यायचं.

इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या 'ला त्राव्हिआता' या ऑपेराची नायिका व्हिओलेत्ता म्हणजे पॅरिसची गणिका. तिला क्षय झालाय. शेवटच्या अंकात ती अर्धा तास गात गात मरते. या आजारी बाईचा आवाज आजारीच वाटावा म्हणून कॅलासनं वर्षानुवर्षं मेहनत घेतली. पुढे एका मुलाखतीत तिनं गाऱ्हाणं मांडलं ते असं, की थकल्यासारखं गायला गळा अगदी स्वच्छ लागतो, सगळा खेळ श्वासाचा असतो, आणि एवढं करून लोक काय म्हणाले, तर कॅलास थकली! अहो, तेच तर दाखवायचं होतं.

बिचारी व्हिओलेत्ता पहिल्या दिवसापासूनच दुर्दैवी. 1853 साली व्हेनिसमध्ये पहिला प्रयोग झाला. नायिका फानी साल्विनी-दोनातेल्ली छान गायली म्हणतात, पण अंगानं चांगली भरलेली. ही क्षयानं मरणार म्हटल्यावर लोक हसत सुटले. प्रयोग पडला, चूक माझी की गायकांची ते काळ ठरवील, असं व्हेर्दीनं दुसऱ्या दिवशी लिहून टाकलं. म्हणजे एक फार धडधाकट म्हणून पडली आणि शंभर वर्षांनी दुसरी फार आजारी म्हणून.

आपल्याकडे हा पेच कधी पडलाच नाही. 'एकच प्याला' 1919 साली रंगभूमीवर आलं. त्यातल्या सिंधूच्या घरात दाणा नाही, पण बालगंधर्वांच्या गळ्यातली तान उपाशी राहिली असती तर प्रेक्षकांनी खपवून घेतलं नसतं. दुःख कितीही असो, वन्स मोअर मिळालाच पाहिजे. मला हा करार मनापासून आवडतो. म्हणूनच कॅलास ऐकताना आधी माझीही पंचाईत झाली.

मार्च 1958 मध्ये लिस्बनला झालेल्या तिच्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग मिळतं. त्यात प्रॉम्प्टर इतका स्पष्ट ऐकू येतो की आपल्या गावच्या हौशी नाटकाची आठवण व्हावी. शेवटच्या अंकात व्हिओलेत्ता एक पत्र वाचते, गात नाही, नुसती वाचते. मागे व्हायोलिनवर जुन्या प्रेमाची धून. प्रियकर येतोय असं पत्रात आहे. पत्र संपतं आणि ती म्हणते, "उशीर झाला." मग निरोपाचं गाणं. त्याच्या शेवटच्या वरच्या सुरावर व्हेर्दीनं लिहून ठेवलंय की आवाजाचा नुसता धागा हवा. कॅलास तो धागा इतका बारीक ओढते की तुटेल असं वाटून आपणच श्वास धरतो.

समीक्षकांना अगदीच बहिरे म्हणता यायचं नाही. त्याच वर्षी 2 जानेवारीला रोममध्ये 'नोर्मा' या ऑपेराचा पहिला अंक करून ती प्रयोग सोडून निघून गेली होती. समोर इटलीचे राष्ट्राध्यक्ष बसलेले. गळा खरंच साथ देत नव्हता, पण पेपरवाल्यांनी तिची सालटी काढली. त्यानंतर जो तो तिच्या गळ्यातली भेग शोधायलाच कान लावून बसे. आणि वरचे सूर खरोखर डगमगायला लागलेही होते. 1965 नंतर ती ऑपेराच्या रंगमंचावर उभी राहिली नाही. थकवा कुठला कमावलेला आणि कुठला आपसूक आलेला, हे तिला तरी दर वेळी सांगता आलं असतं का?

दिवाळीत घरी गेलो होतो. आई वाती वळत बसली होती. तिला काही न सांगता ते शेवटचं गाणं लावलं. भाषा इटालियन, गोष्ट माहीत नाही. शेवटचा सूर आला तसा तिचा हात थांबला.

"हिला कुणी पाणी तरी द्या रे," आई म्हणाली.