हातचे सोडून निघणारा चोर

दिग्दर्शक मायकल मान यांचा १९९५चा चित्रपट 'हीट' म्हटले की बहुतेकांना एक तर लॉस एंजेलिसच्या भर रस्त्यावरचा गोळीबार आठवतो, नाही तर अल पचिनो आणि रॉबर्ट डी नीरो समोरासमोर कॉफी घेत बसतात तो प्रसंग. मी मात्र दर खेपेस वाट पाहतो ती त्याआधीच्या एका बारीकशा आवाजाची.

मौल्यवान धातूंच्या कोठारात टोळी रात्री शिरली आहे. आत ख्रिस तिजोरीला ड्रिल लावून बसला आहे, बाहेर म्होरक्या नील मॅकॉली (डी नीरो) पहाऱ्यावर आहे, आणि समोरच्या बंद गाडीत दबा धरून बसलेला डिटेक्टिव्ह व्हिन्सेंट हॅना (पचिनो) उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून त्याचा चेहरा न्याहाळतो आहे. तेवढ्यात अवघडलेला एक पोलीस जरा टेकायला जातो आणि त्याच्या अंगावरचे सामान पत्र्यावर आपटते. मॅकॉली अंधारात टक लावून पाहतो, आत जातो आणि हातातोंडाशी आलेले काम तसेच टाकून साथीदारांना घेऊन चालू लागतो. हॅनाही त्यांना जाऊ देतो, कारण काहीच चोरीला गेलेले नसताना धरले, तर कुलूप फोडून आत शिरल्याचा किरकोळ गुन्हाच काय तो लागणार. दोघेही हातचे सोडतात, आणि दोघांची एकमेकांशी खरी ओळख होते ती माझ्या मते इथेच; कॉफी नंतरची.

त्या कॉफीला मात्र खरा आधार आहे. शिकागोचे पोलीस अधिकारी चक अ‍ॅडमसन १९६३ साली नील मॅकॉली नावाच्याच एका दरोडेखोराबरोबर कॉफी प्यायले होते आणि पुढच्याच वर्षी एका दरोड्यानंतर तो पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. पडद्यावरचा प्रसंग तालमीविना, दोन कॅमेरे एकाच वेळी चालवून टिपला आहे. समोरचा बोलत असताना ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते त्यामुळे त्याच क्षणाचे आहे. हॅनाच्या मोडत्या संसाराची दृश्ये मला थोडी लांबलेली वाटतात, पण सुमारे पावणेतीन तासांच्या चित्रपटात तेवढे चालवून घ्यावे.

पोलिसांची चाहूल लागताच ३० सेकंदांत सोडून जाता येणार नाही, असे काहीही जवळ बाळगायचे नाही, हा मॅकॉलीचा नियम. अखेरीस प्रेयसी ईडीला शेजारी बसवून तो विमानतळाकडे निघालेला असतो आणि सुटकेची वाट मोकळी असते. तरीही दगा देणाऱ्या वेनग्रोचा ठावठिकाणा कळल्यावर तो गाडी वळवतो. तिजोरीवर पाणी सोडणाऱ्या या माणसाला एक सूड तेवढा सोडवत नाही. सूड उगवून तो हॉटेलातून बाहेर येतो तेव्हा गाडीपाशी ईडी असते आणि गर्दीतून हॅना येताना दिसतो. मॅकॉली तिच्याकडे पाहत एकेक पाऊल मागे सरकू लागतो.