आमची वाटचाल : एका ‘डी’ अक्षराचा हिशेब

न्यू जर्सीतलं आमचं जुन्या नाण्यांचं दुकान लहानच. एक काउंटर, दहापटीचं भिंग, मान वळणारा दिवा आणि ०.००१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा. विक्री चालू राहिली ती वर्षं सांगण्यासारखी नाहीत. बुडता बुडता राहिलो ते सांगतो.

‘इंडियन हेड’ हे अमेरिकेचं अडीच डॉलरचं जुनं सोन्याचं नाणं ४.१८ ग्रॅमचं, ९० टक्के सोनं, बाकी तांबं. घनता १७.२च्या आसपास, म्हणजे पाण्यात वजन जेमतेम ०.२४ ग्रॅम घटतं. वजनाला या घटीने भागलं की घनता मिळते. ०.०१ ग्रॅमचा काटा इथे निकामी: घट ०.२४ दिसली तर उत्तर १७.४, ०.२५ दिसली तर १६.७. नाण्याला बुडबुडा चिकटला तर घनता आणखी कमी भासते, म्हणून पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा. हे सगळं आम्ही चोख करत होतो आणि त्याचाच माज होता.

१९११ साली डेन्व्हरच्या टांकसाळीत ही नाणी फक्त ५५,६८० पडली, फिलाडेल्फियात सात लाखांवर. फरक मागच्या बाजूला डावीकडे, बाणांच्या टोकांजवळ असलेल्या बारीक ‘डी’चा, म्हणजे डेन्व्हरच्या खुणेचा. एका विक्रेत्याकडून तशी तीन घेतली. वजन बरोबर, घनता बरोबर. बरोबर असणारच! सोनं अस्सल, नाणंही अस्सल, फिलाडेल्फियाचं. ‘डी’ तेवढा मागाहून चिकटवलेला. काटा धातू सांगतो, अक्षर सांगत नाही.

या नाण्याची नक्षी पृष्ठभागाच्या आत दबलेली, ‘डी’ मात्र वर उठलेला. नाणं दिव्याखाली तिरकं फिरवा. अक्षराच्या बुडाशी सांध्याची रेघ, भोवती खरवड किंवा रंगात फरक दिसला की थांबा. ‘डी’ पुसट आहे एवढ्यावरून मात्र खोटं ठरवू नका. अस्सलांतही पुसट निघतात.

तिन्ही विकून झाल्यावर हे कळलं. आम्ही तिन्ही गिऱ्हाइकांचे पैसे परत केले. विक्रेता म्हणाला, “विकलेला माल परत घेत नाही.” शेजारच्या दुकानदाराने आमच्याकडे खोटा माल मिळतो असं गावभर केलं. स्वतः तो नाणी पॉलिश करून विकतो, ते कोणी बोलत नाही. त्या वर्षी भाडं उसनवारीवर गेलं. तिघांतले एक काका मात्र पुन्हा आले. म्हणाले, “पैसे ठेवा तुमच्याकडेच. खरा ‘डी’ मिळाला की फोन करा.” त्यांना तो मिळाला, प्रमाणित डबीतला, म्हणजे तज्ज्ञांनी तपासून सीलबंद केलेला. तेव्हापासून असं नाणं डबीबाहेरचं असेल तर आम्ही हात लावत नाही.

विचारलं नाहीत तरी सांगतो. आईची सवय म्हणून नाणं रिठ्याने घासू नका. बारीक ओरखडे पडले की भाव उतरतो. पेंडंटमधून काढलेलं असेल तर कडेवर डाकाचा डाग शोधा. अमेरिकेचं वीस डॉलरचं जुनं सोन्याचं नाणं ३३.४३६ ग्रॅमचं, त्यात शुद्ध सोनं ३०.०९ ग्रॅम. आधी तेवढ्याची किंमत काढा. सहज मिळणाऱ्या सालाचं असेल तर त्यावर फार मागणाऱ्याला हसून नमस्कार करा.

तो विक्रेता अजून प्रदर्शनात टेबल लावतो. भेटला की हात पुढे करतो. मी भिंग पुसत राहतो.