फॅमिकॉम आला, आणि कोल्हापूरच्या विजेवर चालला

यंदा माझ्या गेमच्या संग्रहात जे काही आलं, त्यातलं सगळ्यात मोलाचं म्हणजे निन्टेंडो कंपनीचा मूळ जपानी फॅमिकॉम, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं गेम मशीन. 1983 साली जपानात निघालेला. पांढरा डबा, मरून रंगाचे कंट्रोलर आणि त्यावर सोनेरी पट्टी. आपण लहानपणी ज्याला नुसतं ‘टीव्ही गेम’ म्हणायचो, त्या बहुतेक नकला याच्याच. मामेभाऊ जपानहून येताना घेऊन आला. सोबत दोन कॅसेट आणल्या, कॉन्ट्रा आणि सुपर मारिओ ब्रदर्स 3. दोन्ही 1988 च्या.

माझा एक नियम आहे. जी वस्तू चालत नाही, ती शेल्फवर मांडायची नाही. म्हणून दाखवण्याआधी तो चालू करायचा होता आणि तिथंच खरं काम होतं.

पहिला प्रश्न विजेचा. जपानात घरात 100 व्होल्ट येतात, आपल्याकडं 230. मूळ अ‍ॅडॉप्टर थेट आपल्या सॉकेटात घातला तर जळणारच. मला अ‍ॅडॉप्टरही मूळचाच वापरायचा होता, म्हणून व्होल्ट कमी करणारा ट्रान्सफॉर्मर बनवून घ्यायला उद्यमनगरात मोटार रिवायंडिंग करणाऱ्या काकांकडं गेलो.

“काका, 230 चे शंभर करून पाहिजेत.”

“शंभर? जपानचं मशीन हाय व्हय? लोड किती?”

अ‍ॅडॉप्टरवर 10 व्होल्ट, 850 मिलीअँपिअर असं छापलेलं दाखवलं. काका म्हणाले, “एवढ्याला छोटा बास हाय. पन दोन्ही वायंडिंग येगळी ठिवतो, पोरंबाळं हात लावत्यात.” हे मला फार आवडलं. वायंडिंग म्हणजे तारेची गुंडाळी. एकाच गुंडाळीतून मधेच वायर काढून स्वस्तात काम झालं असतं, पण मग जपानी बाजूचा आपल्या घरातल्या 230 च्या विजेशी थेट संबंध राहिला असता. ट्रान्सफॉर्मर तयार झाल्यावर तासभर लोडवर ठेवला, मीटर लावून बघितला, हात लावून गरम होतोय का तेही बघितलं. कोमट झाला, एवढंच.

दुसरा प्रश्न चित्राचा. जुन्या फॅमिकॉममधून फक्त अँटेनाची वायर निघते आणि सिग्नल जपानच्या 1 किंवा 2 नंबरच्या चॅनलवर जातो. ते चॅनल 90 ते 102 मेगाहर्ट्झमध्ये बसतात. तिथं आपल्याकडं एफएम रेडिओ वाजतो, आणि आपल्या टीव्हीला ती जागा सहसा सापडत नाही. म्हणून एव्ही आउटपुट, म्हणजे चॅनल न लावता चित्र नि आवाज वायरनं थेट टीव्हीत नेणारी जोडणी, काढायचं ठरवलं. राजारामपुरीत टीव्ही दुरुस्त करणारा माझा एक मित्र आहे, सोल्डरिंगला त्याचा हात एकदम स्वच्छ. चित्र तयार करणाऱ्या चिपच्या 21 नंबरच्या पिनमधून व्हिडिओ निघतो. त्यानं ती पिन बोर्डपासून अलगद उचलली आणि एक ट्रान्झिस्टर, थोडे रेझिस्टर नि एक कपॅसिटर घालून थेट बाहेर आणली. पिन तशीच बोर्डवर ठेवली की पडद्यावर उभ्या फिकट रेघा दिसतात. आमच्या चित्रात त्या जवळजवळ नाहीत. टीव्ही मात्र एनटीएससी, म्हणजे जपानची रंगीत सिग्नलची पद्धत, घेणारा लागतो, नाहीतर सगळं काळं-पांढरं. माझा जुना ट्यूबचा टीव्ही घेतो.

कॅसेटच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या इअरबडनं पुसल्या. खोडरबर वापरू नका, सोन्याचा मुलामा घासून जातो.

मग कॉन्ट्रा लावला. पहिल्याच लेव्हलला माडाची झाडं हलतात! अमेरिकेत निघालेल्या आवृत्तीत ती स्थिर आहेत, जपानी कॅसेटमध्ये वेगळी चिप असल्यामुळं हे जमलं. लेव्हल संपली की नकाशा येतो, मधे छोटी दृश्यं येतात. वेगही वेगळा. आपल्याकडच्या बऱ्याच नकला पाल, म्हणजे आपल्याकडच्या पद्धतीच्या, टीव्हीसाठी सेकंदाला 50 फ्रेमवर चालायच्या, हा 60 वर चालतो. गाणं पळतं, गोळ्या पळतात, आणि जुन्या सवयीनं मारलेली उडी उशिरा पडते. हा खेळ असाच खेळायचा होता, हे इतक्या वर्षांनी हाताला कळलं. त्याचा आनंद मला शब्दांत सांगता येत नाही.

रविवारी पेठेतली मित्रमंडळी आणि त्यांची पोरं आली. मोठ्यांना कॉन्ट्रा, पण पोरांना भलतंच आवडलं. फॅमिकॉमच्या दुसऱ्या कंट्रोलरवर स्टार्ट-सिलेक्ट नाहीत, त्या जागी माइक आणि आवाज कमी-जास्त करायची पट्टी आहे. माझ्या भाच्यानं पट्टी वर सरकवली, तोंड जवळ नेलं आणि “चांगभलं!” म्हणून ओरडला. टीव्हीतून “चांगभलं!” आलं. मग काय, प्रत्येकाला ओरडायचं होतं. “मामा, हे आमच्या प्लेस्टेशनला का नाही?” असं त्यानं विचारलं.

याच खेपेला एका बंद पडलेल्या गेम पार्लरच्या मालकांकडून प्लेस्टेशन 2 च्या दोन डिस्क मिळाल्या. हनुमान: बॉय वॉरियर आणि देसी अड्डा. दोन्ही 2009 च्या, आणि हनुमान हैदराबादेत तयार झालेला. आपल्याकडं बनलेले कन्सोल गेम इतके थोडे आहेत, की डब्यासकट मिळाले तर सोडू नका. माझ्या डिस्क चालतात, कव्हरवर थोडे ओरखडे आहेत.

सगळं आता काचेच्या कपाटात आहे. पावसाळ्यात इथली हवा फार दमट, म्हणून प्रत्येक कप्प्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्यात. रविवारी संध्याकाळी घरी खेळ चालू असतो. माळ्यावर तुमची जुनी पिवळी कॅसेट पडली असेल तर घेऊन या. साठ पिनांची असेल तर फॅमिकॉममध्ये बसते, लावून बघू.