पलंगाखालचे बूट

आमच्या घरात प्रत्येकाच्या पलंगाखाली बुटांचा एक जोड असतो, आत मोजे कोंबलेले. आई पुण्याहून पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा झोपायच्या खोलीतली ही पायताणं तिला अजिबात आवडली नव्हती. दोन दिवस ती गप्प होती. तिसऱ्या रात्री अडीच वाजता खिडकीतला रेडिओ किंचाळला आणि मी तिला हलवून उठवत म्हटलं, "आई, आधी बूट घाल."

आम्ही कॅन्ससमध्ये राहतो, अगदी आडगावात. नवरा इथल्या छोट्या इस्पितळात डॉक्टर आहे. राज्यात १०५ काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे आपला तालुका समजा. आमच्या काउंटीतली सगळी माणसं पुण्यातल्या एकट्या मगरपट्टा वसाहतीत सहज मावतील. अग्निशमन दलातले बरेच जण स्वयंसेवक, एरवी शेती करणारे. शेजारचं घर पाऊण मैलावर. त्यामुळे काही झालं तर पहिले काही तास, कधीकधी पहिले दोन-तीन दिवसही, आपले आपणच काढायचे हे इथे सगळे गृहीत धरतात.

तो रेडिओ म्हणजे हवामान खात्याची सूचना ऐकवणारा छोटा डबा. त्यात आपल्या काउंटीचा सहा आकडी कोड भरून ठेवायचा. एरवी तो गप्प असतो, इशारा आला की झोपेतून उठवतो. टोर्नेडोचे, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या भोवऱ्यासारख्या वादळाचे, इशारे दोन प्रकारचे. 'वॉच' म्हणजे हवा तशी जमलीय, सावध राहा. 'वॉर्निंग' म्हणजे टोर्नेडो रडारवर किंवा कुणाच्या डोळ्यांना दिसलाय, आत्ता तळघरात जा. शाळेतल्या पोरांनाही हा फरक पाठ असतो. ४ मे २००७ च्या रात्री याच राज्यातलं ग्रीन्सबर्ग गाव जवळजवळ पूर्ण भुईसपाट झालं. पण भोंगे आधी वाजले होते आणि लोक तळघरात गेले होते, म्हणून बहुतेक माणसं वाचली.

बुटांचं कारण मला शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं. वादळ पाच-दहा मिनिटांत निघून जातं. मागे उरतात काचा, खिळे, फाटलेले पत्रे, तेही मिट्ट काळोखात. अनवाणी माणूस तळघरातून वर येऊन कुणाला हातही देऊ शकत नाही. त्या रात्री आमच्याकडे काही झालं नाही, वादळ उत्तरेकडून गेलं. आई मात्र पहाटेपर्यंत बूट घालूनच बसून होती.

पाण्याचा धडा मला थंडीत मिळाला. इथे नळाला पाणी येतं ते घरच्या बोअरचं, विजेच्या पंपावर. एका हिवाळ्यात बर्फाने तारा तुटल्या, वीज गेली आणि तासाभरात नळ कोरडे. वीज तीन दिवस नव्हती. इथला हिशेब माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, आणि निदान तीन दिवसांचा साठा. आमच्याकडे त्यातलं निम्मंही नव्हतं. त्याच बाईंच्या मुलाने गीझरच्या टाकीच्या तळाची तोटी उघडून दाखवली. तिच्यात दीडशे लिटर चांगलं पाणी होतं आणि मला ते सुचलंही नव्हतं.

हे सगळं आत्ता लिहितेय कारण मी जुलैसाठी पुण्यात, विठ्ठलवाडीजवळ आईकडे आलेय. बाहेर संततधार आहे, आणि फोनवर सारखे खडकवासल्याच्या विसर्गाचे आकडे येताहेत. पानशेत, वरसगाव, टेमघर या तिन्हींचं पाणी खडकवासल्यात येतं, आणि ते धरण त्यांतल्या मोठ्या दोघांपुढे अगदीच लहान. भरलं की मुठा नदीत पाणी सोडण्यावाचून इलाज नसतो. पण "इतके हजार क्युसेक" वाचून घरात बसलेल्या माणसाने करायचं काय? एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. २५ जुलै २०२४ ला नदीकाठच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा विसर्ग ३५ हजारांवर होता. म्हणजे सोसायटीत येणारे दहा हजार लिटरचे टँकर, दर सेकंदाला जवळजवळ शंभर. असं मांडल्यावर आई म्हणाली, "अगं बाई! मग गाडी आधीच वर लावायला हवी." मला पुण्यात नेमकं हेच हवंय. आकडा आला की त्याच्यापुढे आपल्या घराची एक कृती ठरलेली असावी.

आणि सगळे पूर धरणातून येतात असंही नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याला जो पूर आला तो नुसत्या ढगफुटीसारख्या पावसाने. तिथे वाट बघायला वेळच नव्हता.

माझी आजी १२ जुलै १९६१ ला शनिवार पेठेत होती. पानशेत फुटलं त्या दिवसाबद्दल ती पाण्याच्या उंचीपेक्षा नंतरच्या दिवसांबद्दल जास्त बोलायची. खडकवासलाही फुटलं होतं, त्यामुळे नळाला पाणी नाही. घरात कमरेएवढा गाळ, आणि प्यायला घोट नाही. वाड्यातली विहीर उपसून साफ केली तेव्हा कुठे पाणी मिळालं. आता विहिरी बुजल्या. आईच्या सोसायटीत गच्चीवरच्या टाकीत पाणी चढतं ते मोटरने, आणि मोटर आणि सगळ्यांचे मीटर पार्किंगमध्ये, जमिनीपासून जेमतेम गुडघाभर उंचीवर. वीज गेली की लिफ्ट, पाणी, फोनचं चार्जिंग, सगळं एकदम.

गेल्या चार दिवसांत आम्ही दोघींनी एवढं केलं. वीस लिटरचे दोन कॅन भरून ठेवले, दर महिन्याच्या एक तारखेला बदलायचे. बीपीच्या गोळ्या दहा दिवसांच्या. कागदपत्रांच्या झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत. शंभराच्या आणि पन्नासच्या नोटा, कारण नेटवर्क नसेल तर यूपीआय चालणार नाही. बॅटरी आणि सेल. पाणी पार्किंगच्या पायरीला लागलं की महावितरणला फोन करून पुरवठा बंद करायला सांगायचा, ओल्या जमिनीवर उभं राहून मीटरला हात लावायचा नाही, हे खालच्या मजल्यावरच्या काकांना आणि वॉचमनला दोनदा सांगून आले. गावातले फोन लागत नाहीत तेव्हा लांबचा नंबर कधीकधी लागतो, म्हणून घरातल्या सगळ्यांनी नागपूरच्या मामाला "मी ठीक आहे" एवढंच कळवायचं. मामाने तो नंबर रात्री बंद ठेवायचा नाही असं कबूल केलंय.

मीटर वर चढवायचं काम मात्र एकट्या घराचं नाही. काका म्हणाले, "खर्च निघेल, पण विषय कुणीतरी काढायला हवा." रविवारच्या मीटिंगला तो पहिला घेतलाय. मी शनिवारीच निघतेय, त्यामुळे तिथे आई बोलणार आहे.