सादळलेली हवा

बाबा नागपूरहून जुलैत ठाण्याला आले आणि पहिल्याच संध्याकाळी बनियनवर येऊन पंख्याखाली बसले. आमच्या भिंतीवरच्या घड्याळात तापमानही दिसतं. ते २९ दाखवत होतं. बाबांनी दोनदा चष्मा पुसून पाहिलं. "काहून गं, आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस असते. एवढ्याशा गरमीत हा घाम कायचा येऊन राहिला?"

घाम नागपुरातही येतो, बाबा. तिथे तो वाळतो, म्हणून दिसत नाही. वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. आपला कूलरही तेच करतो, वाळ्याच्या ताटीवरचं पाणी उडतं आणि हवा गार होते. मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात हवा आधीच पाण्याने टम्म फुगलेली, घामाला जायला जागाच नाही. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी हौसेने इथे कूलर आणला होता. चार दिवसांत कपाटातल्या चपला हिरव्या झाल्या. त्या कूलरविषयी अधिक न बोललेलं बरं.

तर बाबांसाठी एसी लावला. रिमोटवर बर्फाची चांदणी, २४. दहा मिनिटांत खोली गार झाली, पण कशी? लेण्यात बसल्यासारखी. गादीवर हात ठेवला तर ओलसर. २० केलं. बाबांनी शाल मागितली. अंगावर शाल आणि मानेला चिकचिक, असा प्रकार.

मे महिन्यात हाच एसी इतका गुणी कसा वागतो, याचा मग मी जरा शोध घेतला. उन्हाळ्यात खोली तापलेली असते, कॉम्प्रेसर बराच वेळ चालतो. आतली नळ्यांची जाळी थंडगार राहते, हवेतलं पाणी तिच्यावर जमून नळीवाटे बाहेर पडतं. कोरडेपणा आपोआप मिळतो. पावसाळ्यात खोली मुळात फार तापलेली नसते. २४ गाठलं की कॉम्प्रेसर थांबतो किंवा मंदावतो, पण आतला पंखा फिरतच राहतो. जाळीवरचं ओलं तेवढं पुन्हा खोलीत. म्हणजे बाहेर काढलेली पाहुणी मागच्या दाराने घरात!

यावरचा उपाय रिमोटवरच होता आणि सहा वर्षं आम्ही त्याला हात लावला नव्हता. थेंबाचं चित्र. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तो थेंब नको गं दाबूस. आधीच काय कमी ओल आहे घरात?" चित्र काढणाऱ्याची चूक आहे, त्यांची नाही. थेंब म्हटल्यावर कुणालाही पाणी येईल असंच वाटणार.

तो ड्राय मोड. त्यात पंखा मुद्दाम हळू होतो, हवा गार जाळीजवळ रेंगाळते आणि पाणी सोडून जाते. कॉम्प्रेसर थांबून थांबून चालतो. खोली जेमतेम एखाददुसऱ्या अंशाने उतरते, पण अर्ध्या तासात चादर चादरीसारखी लागते. खिडक्या मात्र घट्ट बंद हव्यात, नाहीतर आख्ख्या ठाण्याची हवा वाळवत बसाल. आणि मे महिन्यातल्या दुपारी हा मोड लावू नका. तिथे चांदणीच हवी. थेंबाच्या अंगात तेवढा जोर नाही.

गंमत म्हणजे या यंत्राचा जन्मच मुळी माणसाच्या घामासाठी झालेला नाही. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा, आकसायचा आणि एका रंगावर दुसरा रंग नेमका बसायचा नाही. विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने हवेतलं पाणी काबूत ठेवणारं यंत्र आखलं ते त्या कागदासाठी. म्हणजे आपला पापड सादळतो ना, तसा त्यांचा कागद सादळत होता. थेंब आधीचा, चांदणीचं कौतुक नंतरचं.

आता रात्री दोरीवरचे कपडेही आम्ही त्याच खोलीत टाकतो. सकाळी मोजे खडखडीत.

एसीची नळी गॅलरीतल्या बादलीत सोडलेली आहे. जायच्या दिवशी बाबा चहाचा कप घेऊन त्या बादलीपाशी बराच वेळ उभे होते. रात्रभरात ती अर्धी भरली होती.

"हे सारं खोलीतलं?"

"हो."

"मी तिकडे रोज एवढंच पाणी कूलरमध्ये टाकून राहिलो," बाबा म्हणाले, "अन् तुम्ही काढून राहिले."

मग त्यांनीच ती बादली उचलून फरशी पुसायला आत नेली.