एका सहीसाठी ११ आठवडे

ऑपरेशनआधीच्या अँटिबायोटिकची आमची गाइडलाइन म्हणजे ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) भिंतीवरचा लॅमिनेट केलेला दीड पानी कागद. कोणी लिहिला, कशाच्या आधारावर, पत्ता नाही. क्वालिटीचं काम माझ्याकडे आल्यावर आम्ही चौघांनी तो ॲग्री-टूवर (AGREE II, गाइडलाइनचा दर्जा तपासायची पद्धत) तपासला. २३ मुद्दे, ६ विभाग, प्रत्येक मुद्द्याला १ ते ७ गुण. शेवटच्या विभागात पाहतात की पैसा कोणाचा आणि लिहिणाऱ्यांचे हितसंबंध काय. कागदावर त्याबद्दल अक्षर नाही, म्हणून चौघांचा एकेकच गुण. तिथे १ हाच तळ, टक्के काढताना तो वजा होतो, म्हणजे शून्य टक्के.

नवा मसुदा तीन आठवड्यांत झाला. मग हितसंबंधांचा फॉर्म.

एकच पान. औषध कंपनीकडून मानधन, प्रवासखर्च, कॉन्फरन्सची फी घेतली का? समितीतल्या पाच जणांनी लगेच भरलं. सहावे सगळ्यात सीनियर सर. "सिस्टर, तीस वर्षं सर्जरी करतोय. आता मी लाच खात नाही असं लिहून देऊ?" (ओटी सोडून दोन वर्षं झाली, तरी मी सिस्टरच.) "सर, लाचेचं नाही हो..." "ठेवा तिथे."

ठेवला. पुढच्या सोमवारी तो एक्स-रेच्या पाकिटांखाली सापडला, त्याच्या पुढच्या सोमवारी चहाच्या कपाखाली, गोल डागासकट. नवा प्रिंट. ओपीडी संपेपर्यंत रात्रीचे साडेनऊ, मग द्वारका चौकाच्या गर्दीतून नाशिकरोड. मध्ये सर कॉन्फरन्सला गेले. खर्च कोणाचा, हे विचारायची माझी हिंमत नव्हती; त्यासाठीच तर फॉर्म होता!

शेवटी माझाच भरलेला फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला. त्यात एमआरनं (औषध कंपनीच्या प्रतिनिधीनं) दिलेलं भिंतीवरचं घड्याळ आणि दिवाळीचा काजूकतलीचा डबाही लिहिला होता. सर हसले. "हेपण लिहायचं?" आणि चार ओळी लिहून सही केली. पेनावर कंपनीचं नाव होतं. मी गप्प. औषध निवडायच्या मतदानातून मात्र ते स्वतःहून बाहेर राहिले, हे मान्य करायला हवं.

तेव्हा फॉर्म पहिल्याच मीटिंगला भरून घ्या, मसुद्याआधी, आणि सर्वांत सीनियर माणसापासून सुरुवात करा.

वॉर्डच्या सिस्टरला समितीत घ्यायला विसरू नका. आमच्याकडे डोस सकाळी सातला वॉर्डात आणि पेशंटचा नंबर साडेदहाला. डब्ल्यूएचओ म्हणते, चिरा द्यायच्या आधीच्या १२० मिनिटांत. हे सर्जनांपैकी कोणी नाही, तिनं सांगितलं. आता डोस ओटीतच, भूलतज्ज्ञांच्या हातून. टाके घातल्यावर 'सेफ्टी म्हणून' पाच दिवस चालणारा कोर्सही कापला. ऑपरेशन संपल्यावर हे अँटिबायोटिक लांबवू नका, हा डब्ल्यूएचओचा सल्ला २०१६ पासूनचा आहे.

आणि हो, फॉर्मच्या जादा प्रती काढून ठेवा. मला एकाच माणसासाठी चार लागल्या.